ढेकरांचा वर्ग

९ फेब्रुवारी

मायना लिहीत नाही. 'प्रिय' लिहिण्याइतकी मी अजून ढोंगी झालेले नाही, आणि तुझं लाडकं नाव नऊ वर्षांत तोंडातून काढलेलं नाही, ते आता कागदावर तरी कशाला काढू?

तुझं यंत्र परत पाठवते आहे. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं म्हणून उघडलं गेलं, आतल्या पावतीवर तुझं नाव सापडलं. असतं तर दारातूनच परत केलं असतं. गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि बोलायचं, असं आतल्या कागदावर छापलंय. एकदा लावून पाहिलं. नुसतं 'कोण आहे' म्हटलं तर शेजारच्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं माझा मिक्सर जळाला.

तुला हे सगळं मावसभावाने सांगितलं असणार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि जे सांगतो ते अर्धवट. म्हणून पूर्ण ऐक. नोव्हेंबरात घशातली गाठ काढताना अख्खी स्वरपेटीच काढावी लागली. आता गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे एक भोक आहे. श्वास तिथून घेते, खोकलाही तिथूनच येतो. वरून एक कापडी झालर बांधते. तोंड फक्त खाण्यापुरतं उरलंय. ओठ हलतात, आवाज शून्य. कुजबुजसुद्धा नाही.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तू मला म्हणाली होतीस, "ताई, तुझी जीभ झडो." शाप लागू पडला हो. फक्त पत्ता जरा चुकला. जीभ आहे तिथेच आहे, आवाज गेला. तेव्हा हे यंत्र तू मायेपोटी पाठवलं नाहीस, घाबरून पाठवलंस. तुझ्या भीतीवर मी बोलणार नाही. आवाज मला हवाच आहे, पण तो माझा मी मिळवीन, आणि मिळाला की पहिला फोन तुला. नऊ वर्षांचं साठलंय.

सही करत नाही. अक्षर ओळखतेस.


४ मार्च

यंत्र परत आलं. सोबत तुझी चिठ्ठी: 'ताई, हट्ट सोड. हे वापर.' सात शब्दसुद्धा नाहीत आणि त्यात एक हुकूम आणि एक दूषण. सवय जुनी आहे तुझी. आई अकरा वर्षं माझ्याकडे अंथरुणाला खिळलेली, आणि तू लांबून फोनवर सांगायचीस, ताई तिला उन्हात बसव, ताई तिचं औषध बदलून घे. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? वर्षातून एकदा यायचीस, चार दिवस तिचे केस विंचरायचीस, आणि आई पुढचे चार महिने त्या विंचरण्याचं कौतुक सांगायची. तिचे कपडे कोण धूत होतं ते तिला दिसायचं नाही. रोजचं काही कोणाला दिसत नाही.

यंत्र कपाटावर टाकलंय. परत पाठवायला टपालखर्च आता मी करणार नाही.

मी वर्गाला जाते. इस्पितळाच्या तळमजल्यावर मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवतात, त्याच्या शेजारच्या खोलीत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. शिकवणारे एक म्हातारे कुलूपवाले आहेत. चौदा वर्षांपूर्वी त्यांचीही स्वरपेटी काढली. ते यंत्राशिवाय बोलतात. आवाज रिकाम्या पिंपात कोणीतरी राहतं आहे असा येतो, पण शब्द न् शब्द कळतो. एका दमात दोन-चार शब्द, मग थांबतात, मग पुन्हा दोन. ते थांबतात तिथे मी तिरकी रेघ मारते.

कृती अशी. ओठ मिटायचे, तोंडातली हवा जिभेने मागे रेटायची, गिळल्यासारखं करायचं पण पुरतं गिळायचं नाही, आणि ती हवा अन्ननलिकेतून परत वर येईल तेव्हा तिचा शब्द करायचा. सोप्या भाषेत, ढेकर. लोक मूग गिळून गप्प बसतात. मी हवा गिळून बोलायला शिकते आहे.

आठवतं ना, जेवताना ढेकर आला की आई टेबलाखालून चिमटा काढायची? बाईमाणसाचा ना पावलांचा आवाज यावा, ना पोटाचा. आता पंचावन्नाव्या वर्षी सात पुरुषांच्या मधे बसून मी ढेकर द्यायला शिकते आहे आणि तो येत नाही. नको तेव्हा येतो. बँकेत खिडकीपाशी आला, इतका दणदणीत की आतल्या माणसाने आधी मला पैसे दिले.

पहिल्या दिवशी कुलूपवाल्यांनी सगळ्यांना पाटी दिली. "कशासाठी / बोलायचंय / ते लिहा." एकाने लिहिलं, नातीला गोष्ट सांगायची आहे. एक उंच, वाकलेला माणूस आहे, त्याने लिहिलं, कुत्र्याला हाक मारायची आहे. मी लिहिलं, 'एका बाईला शिव्या द्यायच्या आहेत.' बाकीचे गोंधळले. कुलूपवाले खांदे हलवून हसले. हसण्याला आमच्यात आवाज नसतो.

"चांगलं आहे," म्हणाले. "रागाने आलेले / तीन महिने / टिकतात."

चौथ्या महिन्याचं काय, ते मी विचारलं नाही. माझ्याकडे अकरा आणि नऊ, असा वीस वर्षांचा साठा आहे.


२९ मार्च

तुझं पत्र वाचलं. 'मी शाप मनापासून दिला नव्हता.' म्हणजे काय? वरवर दिला होतास? आणि 'मुद्दामच केलंस ना तू, ते तरी एकदा कबूल कर,' हे मधेच घुसडलंय. नऊ वर्षांपूर्वी विचारलंस, आईच्या शेवटच्या वेळी तुला का कळवलं नाही म्हणून, तेव्हा उत्तर दिलं होतं. फोन लावला होता, तू उचलला नाहीस. तेच उत्तर आहे. पालथ्या घड्यावर पाणी घालायला मला आता वेळ नाही. सकाळी उठल्यापासून दर तासाला दहा मिनिटं सराव असतो.

दीड महिन्यात मला काय येतं ते सांगते, म्हणजे तुला आनंद होईल. 'प' येतो. 'ट' येतो. 'क' येतो. हे फटाकन फुटणारे, त्यांच्याबरोबर हवा आपोआप आत जाते. 'म' आणि 'न' म्हणजे भिंत. 'स' फुसका. पोट दिवसभर फुगलेलं. रात्रीचं जेवण मी सोडलंय, आधीच एवढी हवा खाते.

मंगळवारी कुलूपवाले म्हणाले, "ट आणि क असलेला / छोटा शब्द / घ्या. जो आपोआप / तोंडात येतो." मी विचार केला नाही, हवा रेटली, आणि खोलीत स्वच्छ, ठणठणीत शब्द आला. तुझं नाव. टिकू.

सगळ्यांनी टेबलावर हात आपटले. आमच्यात टाळ्या अशाच वाजवतात. कुलूपवाले म्हणाले, "हाच धरा. / रोज शंभर वेळा." मी पाटीवर लिहिलं, दुसरा द्या. त्यांनी 'टोक' दिला, 'पाट' दिला, 'कट' दिला. एकही येईना. तुझंच नाव येतं, तेही एकदम खणखणीत, जशी काही अन्ननलिका तुझ्या पक्षाची आहे.

म्हणून सध्या ही परिस्थिती आहे. जे नाव न घेण्याची मी शपथ घेतली होती, ते मी रोज शंभर वेळा घेते. भांडी घासताना, जिन्यात, आरशासमोर. शेजारच्या बाईंना वाटतं मी मांजर पाळलंय. तुला सांगायचं कारण एवढंच, की यातून भलता अर्थ काढू नकोस. अर्थ नाही. दोन व्यंजनं आहेत.


२५ एप्रिल

तू विचारलंस नोकरीचं काय. तुला काय करायचंय? तरी सांगते, नाहीतर मावसभाऊ स्वतःच्या पदरचं सांगेल.

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, पण मला तो क्वचित लागायचा. माझा आवाजच पुरायचा. शाबासकी मी कधी कोणाला दिली नाही. शिकणाऱ्याला शाबासकी दिली की तो आरशात बघायचं सोडतो. रडले पुष्कळ, पण माझ्या हाताखालून गेलेल्यांनी कोणाला ठोकल्याचं ऐकिवात नाही.

आता मालकांनी मला ऑफिसात बसवलंय. अर्जांवर फोटो चिकटवते. मागच्या आठवड्यात एक माणूस कमी होता म्हणून मी पाटी घेऊन गाडीत बसले. शिकणारी एक दंतवैद्य बाई, चाळिशीची. चौकात उजवीकडून पाण्याचा टँकर येत होता आणि ही सरळ निघाली. मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, 'थांब' हा शब्द जिभेवर होता, आणि काही म्हणजे काही आलं नाही. पायाने ब्रेक मारला. गाडी बंद पडली, टँकरवाला आईवरून शिव्या देत गेला. बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही निदान ओरडायचं तरी."

मालकांनी संध्याकाळी बोलावलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, "बाई, ब्रेक दाबणं म्हणजे शिकवणं नव्हे. सप्टेंबरपर्यंत बोलता आलं तर सीट तुमची. नाहीतर फोटो आहेतच."

मी पाटीवर लिहिलं, ठीक. घरी आले आणि दीड तास 'थांब' केलं. 'थ' मधे जीभ अडते, आणि 'ब'च्या आधीचा अनुस्वार म्हणजे पुन्हा 'म'ची भिंत. एकदाही आलं नाही.

तुझं ते यंत्र गळ्याला असतं तर 'थांब' म्हणता आलं असतं, असं तुला आत्ता वाटलं असेल. मला चौकातच वाटलं होतं. म्हणून तुझा आणखी राग आला.


३१ मे

यंत्र दिलं. परत मागू नकोस.

वर्गातला तो उंच माणूस, कुत्र्याला हाक मारायची होती तो, त्याला तीन महिन्यांत एक अक्षर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, किरणोपचाराने त्याची अन्ननलिका अरुंद झाली आहे, येणारच नाही. तो शुक्रवारी सगळ्यांशी हात मिळवून निघाला. मी मागोमाग गेले आणि खोकं त्याच्या पिशवीत कोंबलं. त्याने मला नमस्कार केला, मला तो आवडला नाही. तुझा नमस्कार होता तो.

पुढच्या शुक्रवारी तो आला. कुत्रा त्या आवाजाला घाबरून पलंगाखाली गेला आणि चार दिवस बाहेर आला नाही. पाचव्या दिवशी आला. हे सांगताना तो त्याच यंत्रावर बोलत होता, आणि आम्ही सगळे मिक्सरला ऐकतो तसे ऐकत होतो, आणि कोणालाही वाईट वाटलं नाही. मला थोडं वाटलं. तीन महिने मी तो मिक्सर कपाटावर ठेवून स्वतःचा मान राखत होते, आणि हा माणूस तेवढे महिने मुका होता.

माझी प्रगती म्हणशील तर एका दमात दोन अक्षरं. कधी तीन. तुला म्हणून दाखवायचं भाषण मी लिहून काढलंय, एकेचाळीस वाक्यं आहेत. या वेगाने ते म्हणायला पाऊण तास लागेल. तू मधेच फोन ठेवशील. म्हणून कापते आहे.


१३ जुलै

सहा आठवडे लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली. पहिल्यात काळजी होती, दुसऱ्यात राग, तिसऱ्यात नुसतं 'जिवंत आहेस का'. तिसरं आवडलं.

मी वर्ग सोडला होता. कारण विचारशील तर नाही. एका मंगळवारी चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत येऊन झोपले. पुढच्या मंगळवारी चपलाही घातल्या नाहीत. सराव बंद. घरात एवढी शांतता, की भोकातून येणारा माझाच श्वास मला शेजारी कोणी बसलंय तसा ऐकू यायचा. तुझ्यावर संतापायचा प्रयत्न केला. तुझी चिठ्ठी काढून वाचली, 'हट्ट सोड'. काही झालं नाही. चहासारखा निवला होता राग, वर साय धरलेली. कुलूपवाल्यांनी तीन महिने सांगितले होते, मी साडेतीन ओढले.

मग एका दुपारी ते स्वतः आले. चार मजले चढून. दारात उभे राहून गळ्याच्या झालरीवर हात दाबत दहा मिनिटं नुसते धापा टाकत होते. पाणी दिलं. मी वहीत लिहिलं, राग संपला.

"बरं झालं," म्हणाले.

मी लिहिलं, आता मन लागत नाही.

"मनाला / कोण विचारतंय?" मग पाणी प्यायले. "कुलूप अडलंय. / आत जायचंय. / उत्साह नाही म्हणून / बाहेर झोपता का? / काडी घालायची. / फिरवायची. / रोज."

मी लिहिलं, तुम्ही कशाच्या जोरावर शिकलात? मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील. ते म्हणाले, "बायकोचं नाव / आधी शिकलो. / आठ महिने. / म्हटलं तिच्यापुढे. / ती म्हणाली, / फार भयानक वाटतं, / नका बोलू." ते खांदे हलवून हसायला लागले. "चौदा वर्षं / बोलतोय. / आता तीच म्हणते / गप्प बसा."

एवढं बोलून निघाले. जिन्यात वळून म्हणाले, "दहा मिनिटं. / दुपारी. / जेवणाआधी. / बाकी विचार / करू नका."

तेव्हापासून तेवढंच करते. दुपारी घड्याळ लावते आणि आरशासमोर उभी राहते. मन कधी असतं, कधी नसतं. मी विचारत नाही.

एक गोष्ट झाली ती लिहायची की नाही यावर चार दिवस घालवले. भाषण कापत कापत एका वाक्यावर आलं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'फोन लावला होता, तू उचलला नाहीस.' ते म्हणायला घेतलं. 'फोन' आलं. 'लावला' आलं. पुढे घसा बंद. पुन्हा. पुन्हा बंद. कुलूपवाले म्हणतात अंग आखडलं की नळी आवळते, सैल सोडा. सैल सोडून 'दूध उतू गेलं' म्हटलं, आलं. 'कडी लाव' म्हटलं, आलं. पुन्हा तुझं वाक्य घेतलं, बंद. असं नऊ दिवस.

एक शब्द बाहेर काढायला मला जेवढी मेहनत पडते तेवढी तुला घर आवरायला पडत नसेल. पूर्वी मी दिवसाला हजारो शब्द उधळायचे, त्यात खरं-खोटं कोण निवडत बसतं? आता प्रत्येक शब्द ओझ्यासारखा पाठीवरून वर आणायचा. दहाव्या दिवशी मी आरशासमोर उभी होते आणि हे वाक्य चार मजले चढवून आणायचं आणि ते काय, तर हे, असं वाटून मला स्वतःचीच किळस आली.

आई त्या शेवटच्या तीन दिवसांत तुझं नाव घेत होती, हे दिवसा येणाऱ्या नर्सबाईने तुला सांगितलं. खरं आहे. 'टिकूला फोन लाव,' म्हणायची. अकरा वर्षं घास मी भरवले आणि त्या तोंडात नाव तुझं. मी बाहेरच्या खोलीत जायचे, फोन हातात घ्यायचे.

आज एवढंच.


८ ऑगस्ट

तू काहीच लिहिलं नाहीस. नुसतं कोरं पाकीट तरी पाठवायचं होतंस.

परीक्षा झाली. मालकांनी दिवस स्वतःच ठरवला, सप्टेंबरची वाट न पाहता. स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, "मी आज पहिल्यांदा गाडी चालवतोय. मला काही येत नाही. तुम्ही सांगा." आणि मग माणसाने मुद्दाम जितकी वाईट चालवता येईल तितकी चालवली. पहिल्या वळणावर मी 'डावीकडे' म्हणायला गेले, नुसता ढेकर आला. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ते नक्की कुठल्या बाजूला?" मला इतका राग आला की पुढचं 'डावीकडे' खणखणीत आलं. मग 'आरसा' आलं. 'गिअर' आलं. 'थांब' आजही येत नाही, म्हणून मी ते सोडलंय. 'ब्रेक' म्हणते, ते पटकन फुटतं. बाजारातल्या गल्लीत त्यांनी मुद्दाम एका हातगाडीवर नेली आणि मी पाय हलवायच्या आत 'ब्रेक' बाहेर पडलं, एवढ्या जोरात की हातगाडीवालाच थांबला.

गाडी उभी करून मालकांनी किल्ली काढली. मग म्हणाले, "आवाज पार घाणेरडा आहे. लोक ऐकतील." सोमवारपासून दुपारच्या दोन शिकाऊ बायका माझ्याकडे. त्यातली एक तीच, दंतवैद्य. तिने मलाच मागितलं म्हणे. लोकांचं काही कळत नाही.

एक दुसरं. परवा डॉक्टरांना मी विचारलं, बोलून, पाटीवर नाही. शापाने गाठ होते का? ते हसले नाहीत. म्हणाले, ती गाठ कित्येक वर्षं हळूहळू वाढत असणार, आणि शापाने व्हायची असती तर त्यांचं इस्पितळ नातेवाइकांनीच भरलं असतं. तेव्हा तू त्या गुन्ह्यातून सुटलीस. फेब्रुवारीत मी ते तुझ्या डोक्यावर घातलं, कारण तुला ते लागेल हे मला ठाऊक होतं. क्षमा वगैरे मागत नाही. नुसती दुरुस्ती आहे.


२२ ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं. 'पुढे काय ते लिही. फोन हातात घेतलास, मग?' चार वेळा अधोरेखित केलंस, कागद फाटलाय.

लिहिणार नाही. लिहायला मला काहीच कष्ट पडत नाहीत, हे तू बघतेच आहेस. पानंच्या पानं लिहिते. ज्याला कष्ट पडत नाहीत असलं काही मी तुला देणार नाही, नाहीतर उद्या म्हणशील, ताईने चिठ्ठीवर भागवलं.

येत्या रविवारी, चार वाजता फोन करीन. वाक्य एकच आहे. दोन दमांत होतं. अटी सांगते. मधे बोलायचं नाही, मला मधे कोणी बोललं की हवा पोटात जाते. 'सावकाश, ताई' म्हणायचं नाही. रडायचं नाही, निदान ऐकू जाईल असं नाही. माझ्या आवाजाबद्दल काही म्हणायचं नाही. तो कसा आहे हे मला माहीत आहे, तो पिंपातून येतो. भाऊजींना खोलीबाहेर काढ.

उचलायचा नसेल तर उचलू नकोस. पण मग खरंच उचलू नकोस.


१ सप्टेंबर

पहिल्याच घंटेला उचललास. फोनच्या उशाला बसली होतीस वाटतं.

तू 'हॅलो' म्हणालीस. नऊ वर्षांत तुझा आवाज आईसारखा झालाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी पहिली हवा तिथेच वाया गेली. मग मी भिंतीकडे तोंड केलं, ओठ मिटले, आणि म्हटलं. 'मी फोन / लावलाच नाही.'

तिन्ही दिवस. ती हाक मारायची, मी बाहेरच्या खोलीत जाऊन फोन हातात धरून शंभरपर्यंत मोजायचे, आत येऊन तिला सांगायचे, 'उचलत नाही'. ती म्हणायची, 'कामात असेल.' तिसऱ्या दिवशीही तुझीच बाजू घेऊन गेली. हे बाकीचं आता लिहायला हरकत नाही, मुख्य ते बोलून झालंय.

तुझ्या बाजूला खुर्ची सरकली. मग भाऊजींचा आवाज आला, लांबून, "काय झालं? अशी खाली का बसलीस?" म्हणजे त्यांना तू बाहेर काढलं नव्हतंस. दार लावल्याचा आवाज आला. आणि मग तू फोनवर आलीस, आवाज अगदी कोरडा करून, आणि म्हणालीस, "नीट ऐकू नाही आलं."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी 'नाही' मधला 'न' बुडाला.

"अर्धंच आलं," तू म्हणालीस.

माझं पोट फुगलं होतं, गळ्याची झालर घामाने ओली. फोन ठेवून देता आला असता. दुपारी एवढा सराव केला होता, त्यात एका वाक्याच्या तीन फेऱ्यांची तयारी नव्हती. मी स्टुलावर बसले. पाण्याचा घोट घेतला. तू वाट पाहिलीस, एक शब्द बोलली नाहीस, ती एक अट तेवढी पाळलीस. मग तिसऱ्यांदा म्हटलं, एकेक अक्षर उचलून ठेवत, आणि त्या वेळी ते सगळं आलं. आजवर इतकं स्वच्छ वाक्य मी वर्गातसुद्धा म्हटलेलं नाही.

तू म्हणालीस, "हं. आता आलं." आणि फोन ठेवलास.

पहिल्याच वेळी ऐकलं होतंस तू. खाली बसलीस ते काय उगीच? मला कळलं, आणि तरी मी म्हटलं. त्याबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही.

मी तुझ्या जागी असते तर चार वेळा म्हणायला लावलं असतं.